झाकण

ग्लेनिसच्या दिवाणखान्यात अकरा जणी,
बशीत लिंबाचा केक, बाहेर मिनोटचा बर्फ.
मी भरलेला डबा उलटा धरते: थेंबही सांडत नाही.
टाळ्या.

ऑर्डरचा कागद फिरत फिरत
अर्लीनपाशी येतो.
तिच्या नवऱ्याचं काम ऑक्टोबरात सुटलं,
हे मला ठाऊक आहे;
तिच्याच स्वयंपाकघरात बसून ऐकलंय मी.

ती सगळ्यांत महागडा संच लिहिते.
भीड भिकेची बहीण;
आज दोघी सोफ्यावर शेजारी बसल्यात.

अजून चाळीस डॉलर झाले की
ग्लेनिसला किटली फुकट,
मला वरची पायरी.

"विचार कर हवं तर," मी म्हणते,
इतकं हळू, की
तिला ऐकू जाऊ नये.

मग झाकण दाबते,
कोपरा उचलून आतली हवा सोडते.
तेवढाच एक सुस्कारा.