फाटकापाशी

कृती विल्फची. घेवड्याच्या बियांच्या
रिकाम्या पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेली:
फिकट माल्ट तीन किलो, सहासष्ट अंशांवर तासभर.
मग उकळी. हॉप्स दोनदा,
आधी मूठभर, शेवटी चिमूटभर.
आणि तळाला, दोनदा अधोरेखित:
यात काहीही घालू नये.

मीही कधी घातलं नाही. शेड त्याची,
पातेलं त्याचं, जिन्याखाली फुटलेल्या
अकरा बाटल्यांची लाजही त्याचीच.
बिअर चांगली व्हायची. गवत कापणाऱ्याने
दोन बाटल्या घ्याव्यात
आणि तरी शिडी चढावी, इतकी हलकी.
पण, आता सांगायला हरकत नाही,
तिसऱ्या घोटानंतर
तिच्याकडे बोलायला काही उरायचं नाही.

मागच्या हिवाळ्यात ताप आला
आणि जाताना विल्फचं नाक घेऊन गेला.
पाव करपला तर त्याला धूर दिसतो, तेवढंच.
मार्चमध्ये त्याने डाव माझ्या हाती दिला
आणि स्वतः थर्मामीटर घेऊन स्टुलावर बसला,
स्टेशनमास्तरासारखा.

एकतीस वर्षं मी यॉर्कशरच्या या खोऱ्यात टपाल वाटलं.
त्रेचाळीस फाटकं, नऊ कुत्री,
एक खुनशी कोंबडा, ज्याच्याबद्दल
मी ऑफिसला तीन अर्ज केले.
प्रत्येक फाटकापाशी, बरोबर पाऊल पडतं तिथे,
एक गवत उगवतं.
पाकळ्या झडलेल्या शेवंतीसारखं,
हिरवट पिवळं बोंड, शर्टाच्या बटणाएवढं.
खुरपलेली मऊ माती त्याला मानवत नाही.
पायदळी तुडवलेली जमीन लागते,
टायर, खूर, टपालवालीचे बूट.
चुरगाळलं की अननसाचा वास.
अननस! इथे, जिथे मेमध्येही
मेंढ्यांच्या पाठीवर दहिवर गोठतं.

जूनमध्ये मी जुन्या फेरीवर निघाले,
पिशवीऐवजी उशीचा अभ्रा घेऊन.
ऑल्डरसनच्या फाटकाशी दोन मुठी.
हेस्टर रॉच्या दाराशी एक.
ती खिडकीतून म्हणाली, थेल्मा, काही हरवलंय का?
चॅपलपाशी कुत्र्यांचं राज्य, तिथलं सोडलं.
पिअर्सनच्या घरी आता कुणी राहत नाही.
तिथे ते विरळ झालंय.
एवढं पाहिलं आणि पुढे गेले.

उकळी संपायला दहा मिनिटं असताना
विल्फ चोथ्याची बादली घेऊन कोंबड्यांकडे गेला.
मी अभ्रा उलटा केला.
वाफेत पिवळी बटणं गरगरली
आणि मी, सदुसष्ट वर्षांची बाई,
झाकण धरून चोरासारखी उभी.

तीन आठवड्यांनी पहिली बाटली.
फेस बेताचा, रंग वाळल्या गवताचा.
आधी जव, मग काहीतरी आंबटगोड,
आणि शेवटी जिभेच्या कडेला किंचित कडू,
जसं कुणी पत्र वाचतं
आणि काही न बोलता घडी घालून ठेवतं.

विल्फने घोट घेतला. ग्लास दिव्यासमोर धरला.
गाळणीत अडकलेली बटणं
त्याने त्याच दिवशी पाहिली होती,
हे मला तेव्हा कळलं.
“कशी लागते?”
अननस म्हणाले. त्याला ते पुरलं नाही.
गोड म्हणाले, उन्हाची म्हणाले.
जन्मभर इतरांचे शब्द वाहिले,
घरचे असे फारसे नव्हतेच माझ्याकडे.
मग मी फाटकं सांगू लागले.
ऑल्डरसनचं, रडक्या बिजागरीचं.
हेस्टरचं निळं, दर वसंतात पुन्हा निळं.
तो डोळे मिटून पीत होता.
पाचव्या फाटकाशी त्याने मला थांबवलं.
“इथे तो कोंबडा होता ना?”
“हो.”
“मग जरा तिखट लागत असेल,”
विल्फ म्हणाला, आणि ग्लास पुढे केला.