मांड

मुंखजिन म्हणतो, मामा, बघ,
आणि फोन माझ्या नाकापुढे धरतो.
एक पोरगी ड्रॅगनच्या मानेवर बसून
जळत्या किल्ल्यावर झेपावते.
अडतीस सेकंद.
तिसऱ्यांदा बघून मी सांगतो:
हिची मांड चुकली आहे.

गुडघे बाहेर, टाचा वर.
एवढं जनावर मान खाली घालतं
तेव्हा अंग मागे टाकायचं असतं,
ही तर पुढे वाकलीय,
सांडलेली सुई शोधत असल्यासारखी.
आणि लगाम कुठाय?
आत आग असलेल्या तोंडात
लोखंड कोण घालणार, पोरगा म्हणतो.
हे मात्र मला पटलं.

चौदाचा आहे. उलानबातरच्या
उत्तरेकडच्या टेकडीवर आमचं गेर,
चुलीच्या डाव्या अंगाला त्याचा कॉम्प्युटर,
धूळ बसू नये म्हणून त्यावर
माझ्या खोगिराखालचा नमदा पांघरलेला.
नमद्याला आता दुसरं काम नाही.
त्या झूदमध्ये गवतावर बर्फाचं कुलूप पडलं,
एकशे बारांतले नऊ उरले,
ते विकले आणि इथे आलो.
कोळशाच्या विटांचा ट्रक चालवतो.
हे पोरगा कधी विचारत नाही.

तो विचारतो, ड्रॅगनचा रंग कुठला घेऊ?
काय काय आहेत?
लाल, काळा, निळा, सोनेरी.
बस्स?
आमच्याकडे नुसत्या करड्याचे अकरा होते,
राखेचा, लांडग्याच्या पाठीचा,
दूध सांडून वाळल्यावर दगडाला येतो तो.
ज्यांनी चारच रंग केले
त्यांनी हरवलेलं जनावर कधी शोधलेलं नाही.

खेळ वसंतात येणार होता.
मग शरदात.
आता म्हणतात, पांढऱ्या महिन्यात, नव्या वर्षाला.
पोरगा दोन दिवस नीट जेवला नाही.
मी म्हणालो, शिंगरू दोन वर्षांचं होईतो
पाठीवर बसायचं नसतं,
कच्च्या पाठीवर बसलास तर जन्मभर लंगडेल.
बनवणाऱ्यांना बनवू दे.
घोडामैदान जवळच आहे.
तो म्हणाला, मामा,
घोडा सोडून तुला दुसरं काही बोलता येतं का?

तेव्हापासून मी ड्रॅगनबद्दल बोलतो.
विटा भरताना दोर्जसुरेनला विचारतो,
तो खात काय असेल,
उतरल्यावर बांधायचा की मोकळा सोडायचा,
शीळ घातली तर येईल का.
दोर्जसुरेन विटा मोजतो, चुकतो, पुन्हा मोजतो.
म्हणतो, लू आहे तो, बकरी नाही.
खरंय. आमच्या भाषेत ढग गडगडत नाहीत,
लू बोलतो.
हिवाळाभर मात्र गप्प असतो.
उणे तीसमध्ये, धुराखाली,
अख्खं शहर मान वर न करता चालतं
आणि वरती कुणी बोलत नाही.

नवं कार्ड लागेल म्हणे,
जुन्यावर पंख तुटक तुटक हलतील.
ट्रकच्या सीटखाली चहाचा डबा आहे,
त्यात सहा लाख तुग्रिक झालेत.
पोराला माहीत नाही.
त्याच्या आईला माहीत आहे,
ती म्हणते, बूट घे आधी.
बूट घेईन की.
बूट कुठे पळून जातायत?

काल रात्री दोघं झोपल्यावर
मी नमदा उचलला.
पडदा काळा, वीज बंद,
बाहेर खालच्या आळीतली कुत्री.
स्टुलावर बसलो.
कंट्रोलर हातात घेतला,
तो एवढासा, त्याला आयाळ नाही,
अंगठे कुठे ठेवायचे तेही कळेना.
टाचा खाली. गुडघे आत.
अंग जरासं मागे.
स्टुलाचा एक पाय आखूड आहे,
ते डावीकडे कललं.
मी उजवा गुडघा दाबला.