विनंती थांबा

आण्णांनी नकाशा बाजूला सारला.
म्हणाले, आधी रकाने आखा.
चौतीस वर्षं चिपळूण आगारात वाहतूक नियंत्रक,
त्यांना रस्ता दिसतो तो वेळेतून:
सुटण्याची, पोचण्याची,
मधल्या चहाची दहा मिनिटं.

जेवणाचं टेबल पुसून
जुन्या कॅलेंडरची पाठ पसरली आहे.
निळ्या पेनाने धाव, लाल पेनाने रात्रवस्ती.
निझव्याचा बकऱ्यांचा बाजार शुक्रवारी लवकर उठतो,
म्हणजे सोहारहून पहाटे पावणेचार.
ऋजुता किंचाळली.
तिला तिकीटच नको, अर्ध्याही दराचं.
मग म्हणाली, येते,
पण एक तरी गाव असं हवं
जिथे आपल्या मंडळातलं कुणी भेटणार नाही.
आण्णांनी मिस्फात लिहिलं.
मातीची घरं, खजुरीखालून वाहणारा पाट,
आणि पुढे कंसात: ओळखीचे नाहीत.

निहारला कासवं.
रास अल जिन्झ, रात्री नऊ,
अंडी घालताना ती रडतात म्हणे.
खारट पाणी टाकतात रे, वल्लभ म्हणाला, रडत नाहीत.
निहारने ते ऐकून घेतलं नाही.

मला काय हवं, ते विचारलं शेवटी,
भाजी फोडणीला टाकताना.
मी खिडकीकडे बोट केलं.
चौदा वर्षं हे डोंगर त्या चौकटीत आहेत.
त्यांच्याकडे बघत कुकरच्या शिट्ट्या मोजल्या,
धुळीच्या दिवशी ते पुसले जातात
तेव्हा उगाच चुकल्यासारखं होतं.
एकदा त्यांच्या पलीकडून यायचं आहे.
जबल अखदरला एप्रिलात गुलाब फुलतात,
पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत,
पहाटे तोडतात, भट्टीत वाफवतात.
तो वास मला बाटलीत नको, उभ्याने हवा.

डोंगराच्या पायथ्याला पोलीस चौकी आहे,
फोर बाय फोर नसेल तर परत पाठवतात.
आण्णांना हे फार आवडलं.
तपासणी पाहिजेच, म्हणाले,
आणि उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस, वल्लभ.
ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर.
कुंभार्लीत आमच्या पोरांना हेच सांगायचो.

वल्लभ मान हलवत राहिला.
त्याचं म्हणणं एवढंच होतं:
सूरवरून रविवारी दुपारपर्यंत परत.
का, ते मुलांना माहीत नाही.
चार वाजता टायरवाला शमसुद्दीन येणार आहे
उरलेले पैसे घेऊन.
गाडी त्याची, जूनमध्ये घर मालकाचं,
कंपनीचं पत्र माझ्या साड्यांच्या घडीत.
शाळा सुटली की सांगू, असं ठरलंय.
आण्णांनाही तेव्हाच.
त्यांचा व्हिसा तोवर संपलेला असेल,
फोनवर सांगणं सोपं जाईल.

काल रात्री पेन्सिल हवी म्हणून
आण्णा गाडीचा कप्पा उघडून आले.
तिथे मुल्किया असतो,
आणि त्याच्या पाकिटात शमसुद्दीनची पावती:
ॲडव्हान्स, दोनशे रियाल.
आत आले, पाणी प्यायले,
गुडघा दुखतोय म्हणाले, झोपले.
पावती मी नंतर पाहिली.
होती तशीच घडी, फक्त उलट बाजूने.

आज सकाळी वेळापत्रक फ्रिजवर लावलंय.
सगळं कोरून लिहिल्यासारखं,
मिनिटांसकट, मुतारीसकट.
सूर आणि सोहारच्या मध्ये मात्र
पेन्सिलीने एक ओळ वाढवलेली:
विनंती थांबा.
आगमन रिकामं. प्रस्थान रिकामं.
चौतीस वर्षांत ज्या माणसाने
एक रकाना कोरा सोडला नाही.

दशम्यांसाठी दुधात कणीक भिजवत होते,
विचारलं, आण्णा, हे ठिकाण कुठलं?

त्यांनी चष्मा पुसला,
दोन्ही काचा, सावकाश.
प्रवासी हात दाखवेल तिथे, म्हणाले.

माझे दोन्ही हात कणकेत होते.