हरकत असल्यास

गुदैबियाच्या टायपिंग सेंटरमध्ये
कुट्टी विचारतो, "मॅडम, पहिल्या नवऱ्याचं प्रूफ?"
मी तुझ्या मृत्यूचा दाखला काढते.
पाठीवर शिक्क्यांची दाटी :
मुंबई, दिल्ली, आता मनामा.
जिवंतपणी तू कोल्हापूरच्या पुढे
गेला नाहीस, पद्माकर.

अरबीत प नसतो.
तर्जुम्यात तू बद्माकर झालास.
दुरुस्त करता येईल का, विचारलं;
अक्षरच नाही म्हणाला, कुठून आणू?
मला हसू फुटलं,
मग पाणी मागावं लागलं.

उल्हासचं सोपं.
एक्कावन्न वर्षं, त्यातली बावीस क्रेनवर,
आणि तहसीलदाराचा एकच कागद :
सदर इसम अविवाहित.
साक्षीदार तीन लागतात.
वॉर्डातली रोझलीन येईल, त्याच्या खोलीतला राऊळ येईल.
तिसऱ्याला सुट्टी फक्त शुक्रवारी,
नि एम्बसीलाही तेव्हाच.

फलकावर तीस दिवस आमची नावं.
कोणाची हरकत असल्यास.
नाइट संपली की वाकडी वाट करून
बघून येते.
दमट हवेनं काच घामेजते, ओढणीनं पुसते.
एकविसाव्या दिवशी टाचणी गळून
कागद तिरका लोंबत होता,
आणि काचेला कुलूप.

त्या रात्री ओरोसला फोन लावला.
तुझी आई बराच वेळ बोलली नाही.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली, एक, दोन.
मग म्हणाली,
"दाखल्याची मूळ प्रत तेवढी परत माग हां.
आणि त्याला विचारून ठेव,
बांगड्याला तिरफळ चालतं ना?"