उलट वाचन

शिलाई मशीनवर झाकण घातलं की
त्यावर मावायचं एक पुस्तक, एक पट्टी,
आणि पप्पांनी तुर्भ्याच्या छापखान्यातून आणलेली
बाद लेबलं.

पुढून: खोकल्याचं औषध. वापरण्यापूर्वी बाटली हलवा.
मागून कोरं.
त्या कोऱ्या बाजूवर मी वचनं उतरवायचे,
नेरुळच्या पाठांतर स्पर्धेसाठी, चाळीस वचनं,
नाताळाआधी.

करुणाताई भांबळ संडे स्कूलमध्ये सांगायच्या:
आधी लिहा, मग पाठ करा.
लिहिताना चुकलात तर चूकही पाठ होते,
आणि ती वचनापेक्षा जास्त दिवस टिकते.

सिलास भराभर लिहायचा.
एकदा त्यानं 'दीन' ऱ्हस्व काढला
आणि देवानं गरिबांऐवजी दिवसांची कड घेतली.
आम्ही हसलो. पप्पा हसले नाहीत.
कामावर त्यांनी एकदा
पाच मिलीच्या जागी पन्नास पाहिलं होतं,
छपाई सुरू व्हायला दहा मिनिटं असताना.
त्या रात्री ते जेवले नव्हते.

तपासायचे ते शेवटाकडून.
पूर्णविरामावर बोट, मग एकेक शब्द मागे मागे,
आणि मी पुस्तकातून तसंच उलटं वाचायचं.
अर्थ लागला की डोळा घसरतो, म्हणायचे,
ओळखीच्या वाक्यात माणूस वाचत नाही,
आठवतो.
म्हणून कोपरखैरण्याच्या त्या सिडकोच्या खोलीत
प्रार्थनासुद्धा आमेनपासून निघायच्या
आणि हळूहळू बापापाशी पोचायच्या.
ठाणे-बेलापूर रोडवरून टँकर गेला की
काच थरथरायची. बोट नाही.

चूक सापडली की ते बोट वर.
बोलणं नाही.
खोडायचंही नाही, नवं लेबल घ्यायचं.
एका अनुस्वारापायी सात लेबलं घालवून
मी रडत म्हटलं होतं,
देवाला कळतं ना, मला काय म्हणायचंय ते!
देवाला कळतं, पप्पा म्हणाले.
तुला कळायला नको, त्याला काय म्हणायचंय ते?

यंदा मार्चमध्ये त्यांची उजवी बाजू गेली.
शब्द गेले, सगळे एकदम.
वाशीच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाल्या,
ओळखीचं काहीतरी बोलत राहा.
मी वचनं म्हणत राहिले.
त्यांचे डोळे छताकडे.

तिसऱ्या संध्याकाळी मी मुद्दाम एक शब्द गाळला.
'परंतु'.
ज्यावर अख्खं वाक्य वळतं, तोच.
पाहिलं.
काही नाही.
पुन्हा गाळला.
शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी संत्रं सोललं.
काही नाही.

मग हरल्यासारखी पुढचं म्हणू लागले,
नीट, पाठ होतं तसं, अगदी शेवटापर्यंत,
आणि चादरीवरून
डावं बोट उठलं.

बरोबरच तर म्हटलं होतं मी.
परत म्हटलं.
परत, त्याच जागी, बोट.

घरी येऊन बिस्किटाचा डबा उपसला.
बत्तिसावं लेबल. निळी शाई, माझं अक्षर,
खाली त्यांची लाल खूण नाही.
त्या आठवड्यात त्यांना रात्रपाळी होती.
स्पर्धेत मला दुसरं बक्षीस मिळालं होतं,
पहिलं का नाही, ते कुणी सांगितलं नव्हतं.

पुस्तक काढलं. शेवटाकडून बोट लावलं.
पूर्णविराम. मग
'देतो'.
लेबलावर: 'देईल'.

सव्वीस वर्षं.
आईच्या केमोच्या रांगेत 'देईल',
मुलाखतींआधी जिन्यावर 'देईल',
आणि तशीच थांबत आलेय,
ताट मांडलेलं असताना
अजून वाढलं नाही म्हणून.

डब्यात कोरं लेबल एकच उरलं होतं.
कडा पिवळ्या, पुढून: थंड, कोरड्या जागी ठेवा.
त्यावर लिहिलं.
मग उलटं वाचलं, मोठ्यानं, एकटीनं,
आणि खोलीत कुणी
बोट वर केलं नाही.