पहिलं अक्षर

माझं नाव टिकाराम.
लिहायला सोपं.
हजेरीच्या वेळी मात्र जीभ टाळूला अशी चिकटायची
जसा बांधीच्या चिखलात बैलाचा खूर,
आणि तोवर कावळे गुरुजी
पुढच्या नावावर गेलेले असायचे.
दुसरीचं अख्खं वर्ष मी गैरहजर होतो,
पहिल्या रांगेत बसून.

लोक वाईट नव्हते, घाईत होते.
जड घागर लेकराच्या हातातून काढून घ्यावी
तसं वाक्य काढून घ्यायचे, मायेनंच,
आणि भलत्याच रांजणात ओतायचे.
मी म्हणायचो, मी... मी...
दुकानदार मिरची बांधून द्यायचा.
माय विचारायची, "अन् मीठ कुठं हाय?"
तेही सांगता यायचं नाही.

वेखंड चाटवून झालं. देवीपुढं नारळ झाला.
कोणीतरी सांगितलं, जिभेखाली गोटी ठेवा.
ती मी गिळली.
त्यावर गाव चार दिवस हसलं,
पाचव्या दिवशी मीही.

मग एका मंडईच्या रात्री
वडशाहून आलेल्या नाटकाचा प्रॉम्प्टर तापानं पडला.
"वाचता येते का बे कोणाले?"
मी हात वर केला. हात तोतरा नव्हता.

रंगमंचापुढच्या खड्ड्यात उतरवलं मला.
खाली तणसाचं पोतं, एक पिवळा बल्ब,
चहाचे डाग पडलेली वही.
म्हणाले, ओरडायचं नाही, फक्त कुजबुजायचं.
आणि कुजबुजताना
शब्द आले.
रांगेनं, गुपचूप, जशी बदकं तळ्यात उतरतात.
ट सुद्धा आला.
दुसरा अंक संपला तेव्हा लक्षात आलं
की मी अजून कुठं अडकलोच नाही.

बावीस हंगाम झाले.
दिवाळी ते होळी, दर रात्री दुसरं गाव, दुसरा खड्डा,
तोंडावर नटांच्या पायांची धूळ.
नवे प्रॉम्प्टर अडकलेल्या नटाला
अख्खं वाक्य फेकून मारतात.
तो आणखीच बुडतो.
मी कंठमणी बघतो.
कोणती शांतता अभिनयाची, कोणती विसरल्याची,
ते गळ्याच्या गिळण्यावरून कळतं मला.
आणि मग देतो फक्त पहिलं अक्षर.
बाकीचं त्याच्यापाशी असतंच.
हे कोणत्या तालमीत नाही शिकलो,
त्या मिरचीच्या पुडीनं शिकवलं.

तर आभार मानावेत म्हणतो.
पण आ सरळ निघतो आणि भ-पाशी
वडशाचं फाटक लागतं.
थांबतो. गाडी जाऊ देतो.

खोटं कशाला बोलू,
पुढच्या जन्मी हे मागून घेणार नाही.
(मागताना अडकेन, ते वेगळं.)
बाप गेला त्या रात्री मी ब-शी झटत होतो,
तो थांबला नाही.
ते कोणत्या हिशेबात धरायचं
अजून कळलेलं नाही.

परवा फाट्यावर शिंगाडे घेऊन बसलो होतो.
सुखरू दिघोऱ्याचा नातू आला,
मुठीत चुरगळलेली नोट.
"काका, अ... अ... अ..."
मागची बाई म्हणाली,
"अर्धा दे ना त्याले, पोट्टा कवाचा उभा हाय!"
मी तराजू खाली ठेवला.
पहिलं अक्षर तर त्याच्यापाशी होतंच.
एक एसटी आली, माणसं उतरली, एसटी गेली.
तळ्यातला बगळा दुसऱ्या पायावर उभा राहिला.
बाई वैतागून निघून गेली.

"अडीच किलो," तो म्हणाला.

अडीच किलो मोजून दिले.