तेवीस दिवस

आठ एप्रिलला सायंकाळी
गेटवरच्या खोक्यात टाकलं हेल्मेट,
लॉकरची चावी,
आणि पाकिटातलं ते निळं कार्ड
ज्यावर आम्हा चौघांची नावं होती.
एचआरच्या भुतेकरनं कात्रीनं त्याचे दोन तुकडे केले,
सहज, चहा घेता घेता.
"हे आज रात्री बाराला संपतं.
नवं, तिकडं रुजू व्हाल त्या दिवसापासून."
शेंद्र्याच्या कंपनीचं पत्र खिशात होतं:
रुजू दिनांक दोन मे.
एकला सुट्टी.

अंबड चौफुलीपर्यंत चालत आलो
बोटांच्या पेरांवर मोजत.
तेवीस.

लाहोटी एजंटानं टेबलफॅन माझ्याकडं फिरवला.
"मधल्या काळापुरती घ्या की एखादी पॉलिसी.
फक्त पहिले तीस दिवस आजार धरत नाहीत.
अपघात धरतात."
म्हणजे जिन्यावरून पडलं तर चालेल,
ताप आलेला चालणार नाही.
तो हसला, मीही हसलो.
फॅन परत त्याच्याकडं वळला.

घरात नियम कुणी सांगितले नाहीत,
तरी लागू झाले.
सुयोगची सायकल मी साखळीनं बांधली,
ट्यूब फाटलीय म्हणालो.
उसाचा रस बंद.
टँकरचं पाणी दोनदा उकळायचं.
वैजयंता माळ्यावरची परात काढायला स्टुलावर चढली
तर असा ओरडलो
की शेजारच्या शेखचाचांनी खिडकी उघडून पाहिलं.
गाडी तीसच्या वर नेली नाही;
एक ट्रॅक्टर हॉर्न देत माझ्यापुढं निघून गेला.

रात्री गच्चीवर तिघांचे श्वास ऐकायचो
जसे मिलमध्ये सळीचे नमुने,
एकेक तपासून, खडूची खूण करून:
पास.
पास.
आई खालीच झोपायची, पंख्याखाली.
तिला जिना नको वाटायचा.

तिनं वरणाची फोडणी सोडली.
ताटात अर्धी भाकरी तशीच.
"उन्हाचं जात नाई रे."
एकदा पाणी प्यायला खाली उतरलो,
तर अंधारात बसलेली,
उजव्या बरगडीखाली उशी दाबून.
"झोप नाई का?"
"लाईट गेलीये ना."
डोक्यावर पंखा फिरत होता.
मी पाणी पिऊन वर गेलो.

दोन मे.
बुटाचं माप, फोटो, अंगठा.
दुपारी मोबाईलवर आलं कार्ड,
चौथं नाव केवळाबाई.
घरी फोन करून म्हणालो, आलं बरं का.

संध्याकाळी पोचलो तर आई दारात
धुतलेलं लुगडं नेसून, पायात चप्पल,
पिशवीत टॉवेल आणि तांब्या.
"चल आता दवाखान्यात," म्हणाली,
"दुखायलंय."

डॉक्टरांनी पोट दाबलं.
"कधीपासून?"
"आज सकाळपून."
पडद्यावर राखाडी धुक्यात
बोराएवढं काहीतरी चमकलं.
"आजी, हा खडा आज सकाळचा नाही."
आई भिंतीकडं पाहत राहिली,
पाढा चुकलेल्या पोरीसारखी.

काउंटरवरच्या मुलीनं कार्ड तपासलं.
"जुनं दुखणं पण बसतं की यात, काका.
पहिल्या दिवसापासून."
मग स्टेपलर शोधत म्हणाली,
"लपवायचं काही कामच नव्हतं."

हे आईला सांगायला वळलो.
ती बाकावर तांब्या मांडीत घेऊन बसली होती,
आपलं काम नीट पार पाडल्यासारखी.
नाही सांगितलं.

रात्री तिचे कपडे न्यायला घरी आलो.
भिंतीवरच्या कॅलेंडरवर एप्रिलच्या खाली
पेन्सिलीच्या बारीक रेघा, रोज एक.
इतके दिवस वाटायचं, दुधाचा हिशोब असेल.
दूध तर आम्ही पिशवीचं घेतो, रोख.

उभ्या उभ्या मोजल्या.
एकोणीस.

म्हणजे पहिले चार दिवस
तिला बरं होतं.